पुढचं लागत नाही

माझा स्वभाव हेवेखोर आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला उगाच चांगलं समजायला नको. धारला माहेरी असताना मला शेजारणीच्या लांब केसांचा हेवा वाटायचा, धाकट्या बहिणीच्या गोऱ्या रंगाचा वाटायचा. एकदा तिला गोवर आला आणि घरातली सगळी माणसं तिच्या उशापायथ्याशी बसली, तेव्हा मला तिच्या गोवराचाही हेवा वाटला होता.

लग्न होऊन देवासला आले तर सारं गावच हेव्यावर चाललेलं. एका गावात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या अलीकडे एकाचं राज्य, पलीकडे दुसऱ्याचं. इकडच्या मिरवणुकीत एक हत्ती निघाला की तिकडे दोन शोधायला माणसं धावत. पुढे संस्थानं गेली, मध्यभारत झाला, तरी लोकांची सवय गेली नाही. आमच्या दोन खोल्यांच्या घरातही थोरली पाती मी होते आणि धाकटी पाती माझी जाऊ.

सासरे आधीच गेले होते. घरात सासूबाई, आमचे हे, मी आणि जाऊ. दीर ब्रह्मदेशात. लढाईत ते फौजेच्या इस्पितळाबरोबर तिकडे गेले, लढाई संपल्यावर परत आले, लग्न केलं, तीन महिने राहिले आणि पुन्हा तिकडेच निघून गेले. इरावती नदीच्या काठी एका लाकडाच्या कंपनीच्या दवाखान्यात कंपाउंडरची जागा मिळाली होती. घर मिळालं की बायकोला बोलावून घेतो म्हणाले होते. घर काही मिळालं नाही. तिकडे इंग्रज गेले आणि वर्ष उलटायच्या आत तिथले लोक आपसातच लढायला लागले.

सासूबाईंना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे भाऊबंदकी. मग त्यात नवल ते काय?" आणि तांदूळ निवडू लागल्या.

दिरांची पत्रं मोडीत असत. त्यांच्या वडिलांनी त्यांना मोडी शिकवली होती, आणि पत्र नदीतून, बोटीतून, चार हातांतून यायचं, तेव्हा वाटेत कुणाला वाचता येऊ नये हाही हेतू असावा. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. आमच्या ह्यांनाही वडिलांनी शिकवायला घेतलं होतं, पण मोडी त्यांना कधी लागली नाही. जाऊ सतवास गावची. घर मराठीच, पण शाळा हिंदी. देवनागरी ती झरझर वाचायची, मोडीचं एक अक्षर तिला कळत नव्हतं. राहिले मी. माझे वडील धार दरबारच्या दफ्तरात होते. जुने कागद घरी आणून नकला करायचे, त्यांच्या शेजारी बसून मी मोडी शिकले होते. त्यामुळे पत्र आलं की ते माझ्या हातात यायचं.

त्या काळी नवरा बायकोला पत्र लिहीत नसे. पत्र आईला. बायकोचा उल्लेख 'मंडळी' असा, तोही शेवटी, यथायोग्य आशीर्वादांच्या गर्दीत. ओसरीवर सासूबाई पाटावर बसायच्या, मी वाचायची, आणि जाऊ स्वयंपाकघराच्या दारात आत तोंड करून उभी राहायची. ऐकते आहे असं दिसू नये म्हणून हातात काहीतरी घ्यायची, कधी लाटणं, कधी नुसतंच फडकं. वाचून झालं की पत्र सासूबाई तिच्याकडे द्यायच्या आणि ती ते आपल्या पेटीत ठेवायची.

पहिल्याच पत्रात माझ्यासाठी एक ओळ होती. 'सौ. वहिनीस नमस्कार. हे पत्र आपणच वाचणार, म्हणून अक्षर बरे काढले आहे.' एवढीच. पण त्या एका ओळीवर मी सहा महिने काढले. हसू नका. आमचे हे माणूस चांगले, निर्व्यसनी, पण बोलणं म्हणजे भाजीत मीठ कमी आहे किंवा बरोबर आहे. एकदा ते कचेरीच्या कामाला आठवडाभर ग्वाल्हेरला गेले. लग्नानंतर पहिल्यांदाच घराबाहेर, तेव्हा मी डाकियाची वाट पाहिली. कार्ड आलं, आईच्या नावाने. 'सुखरूप पोचलो. छत्री घरी राहिली आहे, जपून ठेवावी.' मी ते वाचून दाखवलं आणि छत्री जपून ठेवली.

दिरांच्या पत्रात मात्र जग असे. एका पत्रात लिहिलं होतं, सकाळी गावात एकाचं निशाण असतं आणि दुपारी दुसऱ्याचं, म्हणून बाजारातला शिंपी दोन्ही निशाणं घडी घालून गल्ल्याखाली ठेवतो. दुसऱ्यात होतं, दोन्ही बाजूंचे शिपाई दवाखान्यात येतात, दोघांना थंडीताप एकच आणि दोघांना कडू औषध नको असतं. एका पत्रात एक आई होती. तिचे दोन मुलगे दोन्हीकडून लढत होते, दोघंही जखमी होऊन एकाच दालनात आले. दिरांनी मधली खाट रिकामी ठेवली. आई त्या खाटेवर बसून एकाच भांड्यातला भात दोघांना आळीपाळीने भरवायची, आणि ते दोघे एकमेकांकडे बघत नसत. हे वाचून मी पान उलटलं. दाराशी लाटणं खाली पडल्याचा आवाज झाला.

त्या लाटण्याचाही मला राग आला. रडायचा हक्क तिचा, हे मला खुपायचं. मी वाचणार, मी अक्षर लावणार, पसरलेल्या शाईतून शब्द मी काढणार, आणि पत्र कुणाचं? तिचं. तीन महिन्यांच्या संसारावर ती ब्रह्मदेशाची मालकीण. बोलायला गेलं तर तिला धड मराठी येत नव्हती. "वहिनी, डाकिया भिया आज इधर आलाच नाही का?" असं विचारायची. आणि हिच्यासाठी एवढ्या लांब बसून एक माणूस नदीवरचं धुकं लिहून पाठवतो. माझ्या पोटात दुखायचं, अगदी खरोखर दुखायचं.

उत्तर सासूबाई सांगायच्या आणि मी मोडीत लिहायची. खाली चार बोटं जागा सोडायची, तिथे जाऊ देवनागरीत दोन ओळी लिहायची. सासू आणि मोठी जाऊ समोर बसलेली असताना नवऱ्याला काय लिहिणार? दर वेळी तेच लिहायची. 'शि. सा. नमस्कार. इकडील सर्व क्षेम आहे. काळजी नसावी.' मी मनात म्हणायची, बघा, हिला याशिवाय काही सुचत नाही. मला जागा दिली असती तर मी काय काय लिहिलं असतं.

एकोणपन्नास साली, होळीच्या आगेमागे, एक पत्र आलं आणि त्याबरोबर एक पुडकं. पुडक्यात रेशमी लुंगीचा तुकडा होता, जर्द पिवळा, कडेला हिरवी वेल. 'मंडळींसाठी', असं त्यावर लिहिलं होतं. सासूबाईंसाठी लाकडी डबी होती. माझ्यासाठी काही नव्हतं. मी पुडकं उलटंसुद्धा करून पाहिलं.

मग पत्र वाचायला घेतलं. पहिलं पान नेहमीसारखं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर आले आणि थांबले. तिथे लिहिलं होतं, 'सौ. वहिनी, येथून पुढे आईपुढे वाचू नये. मंडळींना बाजूस घेऊन सांगावे.'

खालचं मी मनात वाचलं. दवाखान्याचा डॉक्टर निघून गेला होता. रेल्वेचे रूळ उखडले होते. हिंदी लोकांना घेऊन जाणारी बोट वैशाखाअखेर त्या गावाहून रंगूनला सुटणार होती, त्यानंतरचा भरवसा नव्हता. दिरांचं मन दोन्हीकडे ओढत होतं. दवाखान्यातल्या माणसांना टाकून पळणं त्यांना जड जात होतं, आणि घरही आठवत होतं. 'मंडळी दर पत्री काळजी नसावी असे लिहितात. त्यावरून माणसास काही कळत नाही. मी यावे असे त्यांच्या मनात असेल तर या वेळी त्यांनी फक्त काळजी आहे, एवढे दोन शब्द लिहावेत. मी मागे न पाहता निघेन. नेहमीचे लिहिले तर येथेच राहीन, आणि त्यात माझा राग नाही. वहिनी, हे आपल्या भरवशावर लिहितो.'

"का गं थांबलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"शाई पसरली आहे," मी म्हटलं. "पुढचं लागत नाही."

मोडीचं तसंच असतं. लेखणी उचलायची नाही, ओळभर अक्षरं एकमेकांत गुंतलेली, एक थेंब पाणी पडलं की जाणत्यालाही अक्षर लागत नाही. सासूबाईंना ते ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, बरं, खुशाल आहे ना, झालं तर.

तोवर मी काही चुकले नव्हते. दिरांनी सांगितलं तेच केलं होतं. दुपारी विहिरीवर तिला गाठून सांगायचं असं मी ठरवलंही होतं. खरंच ठरवलं होतं. पण दुपारी ती विहिरीवर आली ती गुणगुणत. माळव्यातलं कुठलंसं लग्नातलं गाणं होतं. पिवळा तुकडा तिने खांद्यावर टाकून पाहिला होता, त्याचा एक पिवळा धागा अजून पदराला चिकटलेला दिसत होता. मला म्हणाली, "वहिनी, मला पीला रंग दिसतो का हो बरा?"

मी म्हटलं, तुला सगळंच दिसतं बरं. आणि घागर भरून घरी आले.

उद्या सांगू, असं मनाशी म्हटलं. उद्या ती तो तुकडा शेजारणीला दाखवायला गेली. परवा एकादशी होती. मी हे सगळं लिहिते आहे ते निमित्तं म्हणून नव्हे. निमित्तं माझी मलाच तेव्हाही पटत नव्हती. खरं एवढंच की दोन शब्द लिहून एका माणसाला समुद्रापलीकडून बोलावून घ्यायची ताकद तिच्या हातात होती, ती तिला माहीतही नव्हती, आणि ती तिच्या हातात द्यायला माझा हात पुढे होत नव्हता. आणखी एक खरं आहे. ते आले असते तर पत्रं बंद झाली असती. दीर घरी आले असते, पाटावर बसून जेवले असते, तिच्याशी बोलले असते. माझ्या वाट्याला काय आलं असतं? भाजीत मीठ बरोबर आहे.

चौथ्या दिवशी उत्तर लिहायला बसलो. सासूबाईंनी सांगितलं, मी लिहिलं, खाली चार बोटं जागा सोडली. जाऊ हात पुसत आली, टाक घेतला आणि लिहायला वाकली. त्या वेळीही बोलता आलं असतं. सासूबाई मध्येच उठून आत पाणी प्यायला गेल्या होत्या. मी तिच्या टाकाकडे बघत बसले. तिने लिहिलं, 'इकडील सर्व क्षेम आहे. काळजी नसावी.' शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिली. पत्र डाकेत मी टाकलं.

आणखी एक पत्र आलं, चार ओळींचं. त्यात बोटीचं काही नव्हतं, वहिनीस नमस्कारही नव्हता. मग श्रावणात कार्ड आलं, एक कोपरा फाडलेलं. कोपरा फाटलेल्या कार्डाचा अर्थ आमच्याकडे पोरालाही कळतो. ते घरात आणत नाहीत, उंबऱ्याबाहेर वाचतात. डाकिया ते पायरीवर ठेवून खाली मान घालून निघून गेला. रंगूनच्या कुणा हिंदी दुकानदाराने लिहिलं होतं. दवाखान्यातच काळा ताप झाला, औषध संपलेलं होतं. कार्ड हिंदीत होतं. जाऊ माझ्या आधी पायरीवर पोचली. तिला स्वतःला वाचता आलेलं ते पहिलं पत्र.

तिच्या बांगड्या फुटल्या, कुंकू गेलं. पिवळा तुकडा कुठे गेला ते मी विचारलं नाही. सुतकाचे दिवस संपल्यावरही ती महिनोन्‌महिने दुपारी पेटी उघडून बसायची, मांडीवर पत्रं घेऊन. सासूबाई म्हणायच्या, वाचता येत नाही आणि बघत काय बसते, वेडी झाली पोरगी. मी म्हणायची, बघू द्या. आणि लाज वाटते लिहायला, पण तेव्हाही माझ्या मनात आलं की हिला बघायला पत्रं तरी आहेत.

पुढच्या वर्षी इंदूरच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याचा मुनीम रंगूनहून कायमचा परत आला. त्याने दिरांची पत्र्याची पेटी आणून दिली. दोन सदरे, औषध मोजायचा काचेचा पेला आणि एक वही. वहीत ते रोज दोनचार ओळी लिहीत असत, मोडीतच. आठेक दिवस वही जावेकडे होती. मग एका दुपारी सासूबाई आत झोपलेल्या असताना तिने ती माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, वाचून दाखवा.

मी चार दुपारी वाचत होते. ती समोर गहू निवडत बसायची. आता दाराआड नाही, समोर. वहीत पत्रांतलीच माणसं होती, पण पत्रांत नव्हतं असंही पुष्कळ होतं. मधल्या खाटेवरची आई एके दिवशी आलीच नाही, आणि त्या दिवशी दोघे भाऊ पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. शिंप्याकडे तिसरं निशाण शिवायला आलं. औषधात पाणी घालावं लागतं आहे, याची शरम वाटते. दिवस पुढे सरकत होते आणि मला कळत होतं की आता ते पान येणार. चौथ्या दुपारी ते आलं. शाई कुठेही पसरली नव्हती. स्वच्छ, मोठं अक्षर होतं.

मी म्हटलं, "शाई पसरली आहे गं. पुढचं लागत नाही."

तिने सुपावरचा हात थांबवला. वही माझ्या हातातून घेतली नाही, वहीकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे बघत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "घरचे पत्र आले. मंडळी लिहितात, काळजी नसावी. बोट शुक्रवारी जाते. मी राहतो. हे लागत नाही, वहिनी?"

मी वही मिटली. तिला मोडी कधीपासून येते, एवढंच मी कसंबसं विचारलं. तिने सांगितलं ते असं. मी वाचलेलं प्रत्येक पत्र तिला तोंडपाठ होतं. दारात उभं राहून ऐकायची आणि दिवसभर मनात घोळवायची. ते गेल्यावर तिने पेटीतली पत्रं काढली आणि पाठ असलेलं एकेक वाक्य कागदावरच्या ओळीवर ठेवून पाहिलं. 'मातोश्री' कुठे असणार हे ठाऊक, मग 'म' कसा ते कळलं, मग 'त' कळला. अशी पाच महिन्यांत ती मोडी शिकली. सगळी पत्रं माझ्या आवाजाशी जुळली. एकाच पत्रात, दुसऱ्या पानाच्या मध्यापासून, खाली अक्षरं होती आणि तिच्याजवळ माझा आवाज नव्हता. ते तिने सगळ्यात शेवटी लावलं.

म्हणजे वही माझ्या हातात देण्याआधीच तिला सगळं माहीत होतं. मी या वेळी तरी वाचते का, एवढंच तिला पाहायचं होतं.

मी तिचे पाय धरले नाहीत. तेवढा चांगुलपणाही मला जमला नाही. मी फक्त खरं ते सांगितलं. "मी तुझा हेवा केला," म्हटलं. "तुला पत्रं यायची म्हणून."

तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग तिने विचारलं, आणि तिला खरंच समजून घ्यायचं होतं असा तिचा चेहरा होता, "माझ्याजवळ होतं काय, वहिनी? चिठ्ठी तर तुमच्याच हातात यायची."

मग सूप उचलून ती आत गेली.

तिने हे सासूबाईंना सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. मला भांडण हवं होतं. तिने चारचौघांत माझी अब्रू काढली असती तर मला हलकं वाटलं असतं. तिने मला ते दिलं नाही. पुढे ती मुलींच्या शाळेत शिकवायला लागली. आमच्या ह्यांची बदली धारला झाली आणि मी माहेरच्या गावी संसार थाटला. सासूबाई तिच्याजवळच राहिल्या. त्यांना माझ्यापेक्षा ती जास्त आवडते, आणि याचाही मला हेवा वाटतो. काय करू?

दर महिन्याला तिचं कार्ड येतं. माझ्या नावाने, मोडीत. अक्षर दिरांच्या वळणाचं आहे, त्यांच्याच पत्रांवरून शिकली म्हणून. सासूबाईंचा खोकला, शाळेतल्या मुली, गव्हाचा भाव. मी उत्तरात सगळं लिहून झालं की शेवटी दर वेळी लिहिते, 'काळजी आहे.' त्याचा अर्थ तिला कळतो. पुढच्या महिन्यात कार्ड येतं, त्यात त्याबद्दल काही नसतं, आणि शेवटची ओळ नेहमीची असते. 'इकडील सर्व क्षेम आहे. काळजी नसावी.'

मी ते एकटीच वाचते आणि पेटीत ठेवते. आमच्या घरात मोडी येणारं दुसरं कुणी नाही, त्यामुळे कुणी मला वाचून दाखव म्हणत नाही.